निखाऱ्यांजवळचा कथेकरी

पेडणे महालात दिवस मावळतीला लागला आणि माडांच्या सावल्या लांबल्या, की घरची वडीलधारी माणसे मुलांना वेशीबाहेर जाऊ देत नसत. वाघाचे भय असे, सापाचेही असे; पण त्याहून मोठा धाक असे तो देवचाराचा. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा आणि पायात वाहाणा असा हा गावचा राखणदार रात्री सीमेवरून फेरी घालतो, चुकल्यामाकल्याला घराची वाट दाखवितो आणि उर्मटाला त्याची जागा दाखवितो, असे आजी सांगे. त्याला रोट द्यायचा, त्याची आठवण ठेवायची आणि त्याच्या वाटेत आडवे यायचे नाही. तेरेखोलची खाडी ओलांडून आरवलीला गेले, की तेथे वेतोबाला भल्यामोठ्या चपला वाहिलेल्या दिसतात. देव रात्री गावभर हिंडतो आणि त्या झिजवितो, अशी श्रद्धा आहे. डिचोली महालात आमोण्याला वेताळ आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, पेडण्यातल्या मोरजीची मोरजाई या बहिणी मानल्या जातात. आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण हीसुद्धा त्यांचीच एक बहीण, असे हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही सांगतात.

हे महाल पोर्तुगिजांच्या हाती गेले ते उशिरा, अठराव्या शतकाच्या अखेरीस. पेडणे तर १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून गेले. तोवर देवळे पाडण्याचा जुना जोर ओसरला होता. म्हणून या नव्या काबिजादीत देव राहिले, देवचार राहिले आणि त्यांच्या गोष्टीही राहिल्या. पण पोर्तुगिजांनी जे केले नाही ते पुढे आमच्या शहाणपणाने होऊ लागले. चार बुके शिकलेला माणूस या कथांना लाजू लागला. देवचार म्हणजे अंधश्रद्धा, राक्षस म्हणजे पोरखेळ, आणि पोरखेळ म्हणजे मोठ्यांनी दुर्लक्ष करण्याची गोष्ट, असे समीकरण होऊन बसले.

नेमकी हीच लाज झटकून टाकणारा एक पंडित इंग्लंडात होऊन गेला. विद्यापीठातले मानाचे अध्यासन सांभाळून त्याने बुटके, राक्षस आणि ड्रॅगन म्हणजे अग्निमुखी महासर्प यांच्या गोष्टी लिहिल्या. आपल्या मुलांना रात्री सांगितलेली गोष्ट त्याने छापली आणि तिने जग जिंकले. जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन हे त्यांचे नाव. आपल्या देवचाराची आणि त्यांच्या राक्षसांची कुळी वेगळी असली, तरी या माणसाचे चरित्र पेडण्या-डिचोलीच्या वाचकाने मुद्दाम पाहावे असे आहे.

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील आर्थर तेथे बँकेचे व्यवस्थापक होते. उष्ण हवा मुलाला मानवेना, म्हणून आई मेबल १८९५ मध्ये त्याला आणि धाकट्या हिलरीला घेऊन इंग्लंडला आली. वडील मागाहून यायचे होते. ते आलेच नाहीत. १८९६ च्या फेब्रुवारीत तिकडेच त्यांना मृत्यूने गाठले. चार वर्षांच्या मुलाला वडिलांची ओळख अशी झालीच नाही.

मेबलबाईंनी बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात बिऱ्हाड केले. तेथे पाणचक्की होती, ओढा होता, झाडे होती. मुलांना लॅटिन, चित्रकला आणि झाडापेडांची ओळख आईनेच घरी शिकविली. याच वयात रोनाल्डच्या हाती अँड्रू लँग यांनी जमविलेल्या परीकथांचा तांबड्या बांधणीचा खंड पडला. त्याच्या शेवटी सिगर्ड नावाच्या वीराची आणि फाफनिर नावाच्या ड्रॅगनची कथा होती. सोन्याच्या राशीवर वेटोळे घालून बसलेला तो ड्रॅगन मुलाच्या मनात जो शिरला तो कायमचा. सातव्या वर्षाच्या सुमारास त्याने स्वतःच ड्रॅगनची एक गोष्ट लिहिली. आईने गोष्टीविषयी काही म्हटले नाही. दोन विशेषणांचा क्रम चुकला आहे एवढेच दाखविले. तो क्रम तसाच का असावा, याचा विचार मुलगा पुढे कित्येक वर्षे करीत राहिला. गोष्ट आणि व्याकरण यांची गाठ त्या घरात अशी पडली.

फाफनिरची कथा ज्या खाणीतून आली तिची थोडी ओळख करून घ्यावी लागेल. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलँड या उत्तरेकडच्या मुलुखांत ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी ओडिन, थॉर, फ्रेया या देवतांची पूजा होत असे. थॉर हा मेघगर्जनेचा देव. आपल्या इंद्राच्या हाती वज्र, तसा याच्या हाती हातोडा. इंग्रजीत बुधवार आणि गुरुवार यांना जी नावे आहेत, ती याच ओडिन आणि थॉर यांच्यावरून पडलेली. या देवांच्या कथा तेराव्या शतकात आइसलँडच्या लोकांनी लिहून ठेवल्या, म्हणून त्या वाचल्या. स्नोरी स्टर्लुसन या सरदार पंडिताने १२२० च्या सुमारास त्यांचा गद्य ग्रंथ रचला. जुन्या कवनांचा संग्रह एका हस्तलिखितात राहिला. या कथांना एडा म्हणतात. त्यांचे एक वैशिष्ट्य असे, की त्यांतले देव अमर नाहीत. शेवटी एक महायुद्ध होणार, लांडगा ओडिनला गिळणार, महासर्पाच्या विषाने थॉर पडणार आणि जग बुडणार, हे देवांना आधीच ठाऊक आहे. त्यानंतर पृथ्वी पुन्हा हिरवी होईल हे खरे. पण लढणाऱ्यांच्या वाट्याला जय नाही. तरीही ते लढायला उभे राहतात. जय मिळो वा न मिळो, बाजू सोडायची नाही, हा त्या कथांचा कणा आहे.

हा कणा टॉल्किन यांच्या आयुष्यात लवकरच उपयोगी पडला. १९०० मध्ये मेबलबाईंनी रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. नातेवाइकांनी पाठ फिरविली, पैशाची मदत आटली. १९०४ च्या नोव्हेंबरात मधुमेहाने त्यांचा अंत झाला. त्या रोगावरचे इन्सुलिन सापडायला अजून सतराअठरा वर्षे होती. बारा वर्षांचा रोनाल्ड आणि दहा वर्षांचा हिलरी पोरके झाले. फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी त्यांचे पालकत्व पत्करले आणि दोघांचे शिक्षण निभावून नेले.

बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड शाळेत रोनाल्डला भाषांचे वेडच लागले. ग्रीक-लॅटिन तर होतेच. त्यांवर प्राचीन इंग्रजी, गॉथिक आणि उत्तरेची जुनी नॉर्स भाषा त्याने आपणहून पैदा केली. शाळेच्या वाङ्मय मंडळात त्याने सिगर्डच्या वंशाच्या जुन्या गाथेवर निबंध वाचला. नुसत्या शिकून भागेना, तेव्हा तो स्वतःच नव्या भाषा रचू लागला. शाळेच्या ग्रंथालयात चोरून चहा पिणाऱ्या चार मित्रांची एक मंडळी जमली होती. आपण चौघे मिळून जगाला काही सुंदर देऊ, अशी त्यांची तारुण्यातली हौस होती.

त्याच सुमारास, बिऱ्हाडाच्या घरात राहणाऱ्या एडिथ ब्रॅट या अनाथ मुलीशी त्याचे प्रेम जमले. ती तीन वर्षांनी मोठी आणि पंथाने वेगळी. अभ्यास बुडतो हे पाहून फादरांनी एकविसावे वर्ष लागेपर्यंत पत्रसुद्धा लिहायचे नाही, असे बजावले. रोनाल्डने आज्ञा पाळली. १९१३ च्या ३ जानेवारीला एकविसावे वर्ष पुरे होताच त्याने पत्र टाकले. उत्तर आले ते दुसऱ्याशी वाङ्निश्चय झाल्याचे. तो गेला, भेटला आणि तो निश्चय मोडला. २२ मार्च १९१६ रोजी दोघांचा विवाह झाला.

विवाहानंतर थोड्याच दिवसांत लढाईवर जाण्याचा हुकूम आला. पहिल्या महायुद्धातील सॉमची रणभूमी म्हणजे माणसांचा घाणाच होता. टॉल्किन तेथे संदेशवहनाचे अधिकारी होते. चार मित्रांपैकी रॉब गिल्सन १ जुलै १९१६ रोजी पहिल्याच दिवशी पडला. जेफ्री स्मिथ डिसेंबरात जखमांनी गेला. आपण राहिलो नाही तर आपल्याला जे सांगायचे होते ते तू सांग, अशा अर्थाचे पत्र स्मिथने टॉल्किन यांना लिहून ठेवले होते. टॉल्किन स्वतः खंदकातल्या तापाने अंथरुणाला खिळून नोव्हेंबरात मायदेशी परतले. त्या आजारपणातच त्यांनी एका काल्पनिक जगाच्या कथा लिहावयास घेतल्या. जगातून उठून गेलेल्या मित्रांचे देणे फेडण्याची ही सुरुवात होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

युद्धानंतर ऑक्सफर्डच्या महाकोशात शब्दांच्या व्युत्पत्ती लावण्याचे काम त्यांनी केले. मग लीड्स विद्यापीठ आणि १९२५ पासून ऑक्सफर्डला प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापकपद. तेथे त्यांनी सहकाऱ्यांची एक मंडळी जमविली. आइसलँडच्या गाथा मूळ भाषेत वाचायच्या, एवढाच तिचा उद्देश. मंडळाला त्यांनी जे आइसलँडी नाव दिले त्याचा अर्थ निखारे चावणारे. थंडीत शेगडीला इतके खेटून बसणारे, की जणू निखाराच तोंडात घेतील! चुलीजवळ कोंडाळे करून गोष्टी ऐकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना हे नाव चपखल बसावे. सी. एस. लुइस हे त्या मंडळात आले आणि दोघांची दाट मैत्री झाली. पुढे लुइस यांनीही नार्नियाच्या बालकथा लिहिल्या.

परंतु टॉल्किन यांची खरी पाठशाळा घरीच भरत असे. जॉन, मायकेल, ख्रिस्तोफर ही मुले आणि धाकटी प्रिसिला. १९२० पासून दर नाताळला या मुलांना उत्तर ध्रुवावरून नाताळबाबांची पत्रे येत. बर्फाळ अक्षर, रंगीत चित्रे, तिकीटसुद्धा हाताने काढलेले. हा उद्योग वडिलांनी १९४३ पर्यंत चालविला. १९२५ मध्ये समुद्रकिनारी मायकेलचे खेळण्यातले कुत्रे हरवले. त्याची समजूत घालायला वडिलांनी त्या कुत्र्याच्या पराक्रमांची एक लांबलचक गोष्ट रचली. पुस्तकरूपाने ती निघाली १९९८ मध्ये, वडिलांच्या पश्चात पंचवीस वर्षांनी.

१९३० च्या सुमारास टॉल्किन प्राप्तीत भर घालण्यासाठी शालेय परीक्षेचे कागद तपासत बसले होते. एका विद्यार्थ्याने एक पान कोरे सोडलेले आढळले. कंटाळलेल्या परीक्षकाने त्यावर बिळात राहणाऱ्या एका हॉबिटाविषयी एक वाक्य लिहिले. हॉबिट म्हणजे काय, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते. ते शोधता शोधता गोष्ट झाली आणि ती हिवाळ्याच्या रात्री मुलांना ऐकविण्यात आली. हस्तलिखित फिरत फिरत अॅलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेत पोहोचले. मुलांच्या पुस्तकाची पारख मुलांनीच करावी, असे मालक स्टॅन्ली अनविन मानीत. त्यांच्या दहा वर्षांच्या रेनरने एका शिलिंगाच्या मोबदल्यात अनुकूल अभिप्राय दिला. २१ सप्टेंबर १९३७ रोजी हॉबिट प्रसिद्ध झाले. १५०० प्रतींची पहिली आवृत्ती नाताळापूर्वीच संपली. पुढे जगातल्या कितीतरी भाषांत ते गेले, मराठीतही आले.

या पुस्तकात उत्तरेच्या कथांचे सोने जागोजाग लकाकते. तेरा बुटक्यांपैकी बहुतेकांची नावे आणि गॅन्डाल्फ हे जादूगाराचे नावसुद्धा एडातील एका जुन्या कवनातल्या यादीतून उचललेले आहे. काळोख्या मिर्कवुड अरण्याचे नाव तेथलेच. उजाडताच राक्षसांचे दगड होणे तेथलेच. कोड्यांच्या पैजेत जीव पणाला लावणे हेही तेथलेच, आणि आपल्या वेताळपंचविशीच्या वाचकाला त्याचे नवल वाटू नये. स्मॉग हा ड्रॅगन तर फाफनिरचाच भाऊबंद.

असे असले तरी टॉल्किन यांनी जुने जसेच्या तसे वाढले नाही. त्यांनी नायकच बदलला. जुन्या गाथांत राजपुत्र ड्रॅगन मारतो आणि सोने घेतो. येथे नायक आहे बिल्बो. बुटका, गुबगुबीत, दोन वेळा न्याहारी करणारा, हातरुमाल विसरला म्हणून हळहळणारा. तो ड्रॅगनला मारीत नाही. त्याचे मोठे शौर्य कोणते? अंधाऱ्या भुयारात, कोणी पाहत नसताना, पलीकडे काय आहे हे ठाऊक असूनही एकट्याने पाऊल पुढे टाकणे. पुढे सोन्यासाठी मित्रांचेच डोके फिरले, तेव्हा आपल्या वाट्याचे अनमोल रत्न शत्रूला देऊन तो युद्ध टाळू पाहतो. १९५१ च्या आवृत्तीत टॉल्किन यांनी कोड्यांचे प्रकरण बदलून घेतले. तेथे बिल्बोच्या तलवारीखाली गॉलम सापडतो, आणि त्या दीन प्राण्याची दया येऊन तो त्याला सोडतो. मुलांच्या पुस्तकातली ही दया पुढच्या महाकथेचा शेवट ठरविते. उत्तरेच्या वीरांचे धैर्य लेखकाने ठेवले. त्यांचा हव्यास आणि सूड मात्र काढून घेतला.

हे नुसते वाङ्मयीन कौशल्य नव्हते. त्याच वर्षांत जर्मनीत हिटलरची राजवट याच ओडिन-सिगर्डांच्या कथा वंशाच्या अहंकारासाठी राबवीत होती. १९३८ मध्ये पॉट्सडॅमच्या एका प्रकाशनसंस्थेने हॉबिटचे भाषांतर काढण्यापूर्वी टॉल्किन यांच्याकडे त्यांच्या आर्य कुळीची विचारणा केली. टॉल्किन संतापले. त्यांनी दोन उत्तरे लिहून आपल्या प्रकाशकाकडे धाडली. त्यांपैकी एकात भाषापंडिताच्या थंड उपरोधाने त्यांनी कळविले, की आर्य हा शब्द भारत-इराणकडील भाषाकुळाचा आहे आणि आपल्या पूर्वजांपैकी कोणी तिकडची भाषा बोलत नव्हते. यहुद्यांविषयी विचारणा असेल, तर त्या गुणी समाजात आपले पूर्वज नाहीत याची त्यांनी खंत व्यक्त केली. पुस्तक खपण्यापेक्षा हे सांगणे त्यांना महत्त्वाचे वाटले. जर्मन हॉबिट निघाले ते युद्धानंतर, १९५७ मध्ये. लढाईवर असलेल्या वयाच्या आपल्या मुलाला १९४१ मध्ये लिहिलेल्या पत्रातही त्यांनी हेच दुःख सांगितले, की आपण जन्मभर ज्यावर प्रेम केले तो उत्तरेचा उदात्त ठेवा या माणसाने विटाळून टाकला. देवाच्या गोष्टी कोणाच्या हाती पडतात यावर किती अवलंबून असते, हे यावरून समजते.

१९३९ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडमधील व्याख्यानात त्यांनी परीकथांची बाजू मांडली. परीकथा केवळ मुलांसाठी हा समज अलीकडचा आहे, आणि दिवाणखान्यातले जुने सामान जसे मुलांच्या खोलीत ढकलतात तशा या कथा तिकडे ढकलल्या गेल्या, असा त्यांचा मुद्दा होता. हॉबिटच्या यशानंतर प्रकाशकाने दुसरा भाग मागितला. तो मुलांच्या मापाचा राहिला नाही. बारा वर्षे लेखन चालले आणि १९५४-५५ मध्ये द लॉर्ड ऑफ द रिंग्ज तीन खंडांत बाहेर पडले. त्यातला नायक फ्रोडो अगदी शेवटच्या क्षणी मोहाला बळी पडतो. जग वाचते ते पूर्वी केलेल्या दयेमुळे. घरी परतल्यावरही त्याची जखम भरत नाही. सॉमहून परतलेल्या माणसालाच असा शेवट सुचावा.

१९५९ मध्ये ते निवृत्त झाले. १९७१ च्या नोव्हेंबरात एडिथ गेल्या आणि २ सप्टेंबर १९७३ रोजी एक्याऐंशीव्या वर्षी टॉल्किन यांनी देह ठेवला. ऑक्सफर्डजवळ दोघांची समाधी एकच आहे. त्यावर त्यांच्या नावांखाली बेरेन आणि लुथिएन ही त्यांच्याच कथेतील प्रेमिकांची नावे कोरलेली आहेत. जन्मभर रचलेल्या पुराणाचा ग्रंथ, सिल्मरिलिअन, मुलगा ख्रिस्तोफर यांनी १९७७ मध्ये संपादून काढला. लहानपणी शेगडीजवळ बसून ऐकणाऱ्यानेच वडिलांचे कार्य पुरे केले.

टॉल्किन यांचे लाडके सेअरहोल त्यांच्या हयातीतच बर्मिंगहॅमने गिळले. शेते गेली, झाडे गेली. हॉबिटांच्या हिरव्या मुलुखात मात्र ते खेडे जिवंत राहिले. आपल्याकडे डिचोली महालात लोखंडाच्या खाणींनी डोंगर पोखरले. पेडण्यात मोप्याच्या पठारावर २०२३ पासून विमाने उतरू लागली. ज्या वाटेने देवचार फेरी घाली ती वाट बुजली, तर मुलाला ती दाखविणार कशी? शिरगावच्या जत्रेत धोंड आजही निखाऱ्यांवरून चालतात, मोरजाईचे नाव आजही घेतले जाते. या कथांवर विश्वास ठेवावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण त्या सांगायला लाजू नये. आज रात्री दिवे मालवण्यापूर्वी एखाद्या आजीने नातवंडाला घोंगडीवाल्या राखणदाराची गोष्ट सांगितली, तर तिने वेळ फुकट घालविला असे कोणी म्हणू नये. ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने त्याच कामासाठी परीक्षेचे कागद बाजूला ठेवले होते.